आधार लिंक होतं, तरी शिष्यवृत्ती आली नाही

धाकट्या बहिणीची यंदा बारावी झाली, सीईटीही झाली. आता कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्या, आणि मग महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज. तिला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगत होते, तेव्हा वाटलं की एकदाच सगळं नीट लिहून ठेवावं. माझ्या वेळी जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही.

२०२३ मध्ये बार्शी तालुक्यातून मी पुण्याला इंजिनीअरिंगला आले. खुला प्रवर्ग, पप्पांची दोन एकर शेती, उत्पन्न ८ लाखांच्या कितीतरी आत. त्यामुळे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत, म्हणजे सगळे ज्याला ईबीसी म्हणतात त्यात, निम्मं शिक्षण शुल्क मिळणार होतं. अर्ज ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी भरून झाला. त्रास एवढाच की आधारचा ओटीपी पप्पांच्या फोनवर जायचा, पप्पा शेतात आणि तिथे रेंज नाही. कॉलेजच्या क्लार्कनेही कागद लगेच पुढे पाठवले.

फेब्रुवारीत मैत्रिणींच्या खात्यात पहिला हप्ता जमा झाला. माझा नाही. पोर्टलवर पाहिलं तर पेमेंट फेल. कारण, खातं बंद.

माझं खातं तर चालू होतं! पुण्यात आल्यावर मी एका बँकेत नवीन खातं काढलं होतं, आधार दाखवून, अंगठा देऊन. मेसचे पैसे त्याच खात्यातून जायचे. मी पासबुक घेऊन शाखेत गेले. काउंटरवरच्या माणसाने नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "आधार लिंक आहे. आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही, कॉलेजला विचारा." कॉलेजमध्ये विचारलं तर उत्तर आलं, "अर्ज मंजूर आहे, बँकेला विचारा." पुढचे पंधरा दिवस मी या दोन वाक्यांच्या मधे फिरत होते. लेक्चर बुडवून बँकेत जायचं, अकरा वाजता रांगेत उभं राहायचं, साडेबाराला तेच उत्तर घेऊन परत यायचं. २३ हजारांचा हप्ता होता. पप्पा फोनवर काही विचारायचे नाहीत, फक्त "झालं का गं काही?" एवढंच. ते ऐकलं की मला रडू यायचं.

खरी गोष्ट कळली ती हॉस्टेलमधल्या एका सीनियर ताईमुळे. तिने मला मायआधारच्या, म्हणजे आधारच्या सरकारी, संकेतस्थळावर लॉग-इन करायला लावलं आणि 'बँक सीडिंग स्टेटस' उघडायला सांगितलं. पडद्यावर तीन ओळी आल्या. बँकेचं नाव, स्थिती सक्रिय, शेवटचा बदल २०१९. बँक होती आमच्या गावाजवळची. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या शालेय शिष्यवृत्तीची, परीक्षा पास झाले होते, तेव्हा वर्षाच्या १२ हजारांसाठी आईबरोबर तिथे खातं काढलं होतं. बारावीनंतर आईने ते बंदही केलं होतं. पण माझा आधार नंबर त्याच बँकेला जोडलेला राहिला होता.

हा फरक कुणीच समजावून सांगत नाही, म्हणून मी सांगते. बँक 'आधार लिंक आहे' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, त्यांनी तुमचा आधार नंबर नोंदवलाय. या शिष्यवृत्तीचे पैसे मात्र खाते क्रमांकावर येत नाहीत, आधार नंबरवर येतात. कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत टाकायचे, ही नोंद एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले डिजिटल व्यवहार चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे, असते आणि एका वेळी एकाच बँकेची असते. त्या नोंदीला सीडिंग म्हणतात. तुमची चार खाती असली आणि चारही ठिकाणी आधार दिलेलं असलं, तरी पैसे त्या एकाच बँकेत जाणार.

मी पुन्हा शाखेत गेले आणि या वेळी 'सीडिंग' हा शब्द वापरला. फॉर्म मिळाला, भरला, दिला. आठ दिवसांनी पाहिलं तर तीच जुनी बँक. परत गेले तर पहिला फॉर्म सापडेना. माझ्याकडे पोच नव्हती, त्यामुळे मी काहीच बोलू शकले नाही. चौथ्या खेपेला आतल्या टेबलावरच्या एका मॅडमनी मला बसवून घेतलं. कोरं संमतीपत्र समोर ठेवलं आणि पेनाने एक चौकट दाखवली. "तू नवीन सीडिंगवर खूण केली असणार. तुझं आधी दुसऱ्या बँकेत आहे ना? मग ही चौकट, दुसऱ्या बँकेतून इकडे. आणि इथे जुन्या बँकेचं नाव लिही." जुन्या बँकेचं नाव! एवढ्या एका ओळीसाठी माझे दोन महिने गेले होते. त्यांनी झेरॉक्सवर आवक शिक्का मारून दिला. तिसऱ्या दिवशी मायआधारवर नवीन बँकेचं नाव आलं. मी हॉस्टेलच्या जिन्यातच बसले आणि घरी फोन लावला.

परत गेलेले पैसे पुन्हा यायला जुलै उजाडला. तोवर फीसाठी मावशीने उसने दिले होते, ते मी स्वतः तिच्या खात्यावर पाठवले. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

तर बहिणीला आणि तिच्या वयाच्या सगळ्यांना सांगणं एवढंच की अर्ज उघडायच्या आधी बँक सीडिंग स्टेटस बघा. खातं बंद करणार असाल तर आधी सीडिंग दुसरीकडे हलवा. बँकेला दिलेल्या प्रत्येक कागदाची शिक्क्यासह पोच घ्या, मागायला लाजू नका. काही बँकांसाठी हा बदल आता एनपीसीआयच्या संकेतस्थळावरूनही करता येतो, आधी तिथे बघा म्हणजे रांग वाचेल.

हो, उत्पन्नाचा दाखला. एका वर्षाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा जपून ठेवून उपयोग नाही. निकालानंतर सेतूत गर्दी होते, त्याआधीच काढा. स्कॅन मोबाइलवर केलात तरी चालेल, पण २५६ केबीच्या आत बसवताना दाखल्यावरचा बारकोड पुसट होऊ देऊ नका. आणि वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहणार असाल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता ही वेगळी योजना आहे, तिचा अर्ज वेगळा करावा लागतो. पहिल्या वर्षी मला ती माहीतच नव्हती आणि ते वर्ष गेलं.

बहिणीचं एक बरं आहे. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तिचं ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र तयार आहे. पण अर्ज याच पोर्टलवर करायचा आहे, म्हणून परवा रात्री मी तिला मायआधार उघडायला लावलं. तिच्याही पडद्यावर शाळेत असताना काढलेल्या खात्याचीच बँक होती. काल ती आईला घेऊन नव्या बँकेत गेली, योग्य चौकटीत खूण केली, जुन्या बँकेचं नाव लिहिलं आणि शिक्का मारलेल्या झेरॉक्सचा फोटो मला पाठवला.