नळाला रोज पाणी

महापालिका निवडणुकीच्या तोंडावर आमच्या न्यूज पोर्टलच्या फेसबुक पेजवर एक कमेंट आली. ‘पाणीपुरवटा सुधारला . आता रोज सकाळी नळाला पाणी .’ खाली एका उमेदवाराचा जयजयकार. सोलापुरात! इथं चार-पाच दिवसांआड पाणी येतं, पाण्याचा दिवस असला की माणूस पै-पाहुण्याच्या लग्नालाही उशिरा पोचतो. लिहिणाऱ्यानं सोलापूर बघितलेलं नाही, हे हातातला चहा संपायच्या आत कळलं.

मग खोदत बसलो. तसल्याच ४२ कमेंट निघाल्या, सगळ्या ११ वाजून ४ ते ७ मिनिटांच्या आत टाकलेल्या. सगळीकडे ‘पाणीपुरवटा’, सगळीकडे पूर्णविरामाआधी मोकळी जागा. शुद्धलेखन चुकतं हो सगळ्यांचं, पण इतकं एकमतानं?

त्यात नऊ जणी गोड हसणाऱ्या. त्यांचे फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवून बघितले. केस बदलत होते, साड्या बदलत होत्या, डोळे मात्र जागचे हलेनात. खोटे चेहरे बनवणारी स्टाइलगॅन ही प्रणाली ज्या फोटोंवर शिकली, ते डोळे-नाक ठरल्या जागी येतील असे कापलेले होते. म्हणून तिच्या चेहऱ्यांचे डोळेही तिथंच येतात. २०१९ च्या डिसेंबरात फेसबुकनं असे चेहरे लावलेल्या खात्यांचं एक मोठं जाळं काढून टाकलं होतं. ते अमेरिकेच्या राजकारणावर लिहायचं. आमच्या वाट्याला पाणीपुरवटा.

बातमी लावण्याआधी रिवाजाप्रमाणे सगळ्या खात्यांना मेसेज टाकला. ४१ गप्प. एक जण दुसऱ्या दिवशी सकाळी थेट नवी पेठेतल्या ऑफिसात हजर! विडी घरकुल वसाहतीतले आजोबा, हयात यंत्रमागावर गेलेली.

“साहेब, मी खोटा हाय म्हणून लिवनार व्हय तुमी?”

खातं वीस दिवसांचं, फोटोच्या जागी सिद्धेश्वराचं देऊळ, मित्र चार. खोट्या खात्याची माझ्या यादीतली सगळी लक्षणं त्यांना चपखल बसत होती. नातवानं खातं उघडून दिलेलं, एवढंच.

“ग्रुपवर आलतं, टाकलं.”

“पण आजोबा, तुमच्याकडं रोज येतं पाणी?”

“कुठलं ओ! परवा येईल आता.”

मी ओशाळून चहा मागवला. त्यांनी मोबाइल पुढं केला. व्हॉट्सॲप ग्रुपवर १० वाजून ४० मिनिटांनी आलेला तोच मजकूर, चुकीसकट, आणि खाली एक ओळ : ‘११ नंतर टाका.’ दोन दिवस डोकं फोडून मला जे हाती लागलं नव्हतं, ते आजोबांच्या खिशात होतं.

बातमी ४१ खात्यांची लागली. रिपोर्ट केल्यावर त्यातली थोडी गेली, बाकीची अजून आहेत.

निघताना आजोबा म्हणाले, देवळाच्या जागी माझा फोटो लावून द्या. तीनदा काढावा लागला. दर वेळी नेमके डोळे मिटायचे.