दोन वाजून पंधरा मिनिटं

आज परत आलं. २:१५ ला एक आणि २:३० ला एक. टेस्ट रीडिंग. फौंड्रीत रात्रपाळीला भट्टीचं पॅनल सांभाळणाऱ्या मामांना परवाच फोन करून सांगितलंय की आता ते बटण दाबायची गरज नाही, काम झालंय, आणि ते बरं बरं म्हणालेत, तरी आज लॉगमध्ये दोन्ही ठरल्या वेळेला येऊन बसलेत. म्हणजे मामा आजही खाली गेले नाहीत. भट्टीजवळ उभं राहून डबा खाल्ला असणार.

पावणेतीन वाजलेत, झोप येत नाही. लिहून बघते.

सुरुवात कुठनं झाली ते सांगायचं तर मामा सुगीला गेले तिथनं. भात कापायला आठ दिवस सुट्टी घेतली आणि त्यांच्या जागी तिसऱ्या पाळीला तो नवीन मुलगा आला, आणि पहिल्याच रात्री दोन चाळीसला स्क्रीन अडकला. भट्टीचं रीडिंग घेतलं, गेलं, पण स्क्रीनवर हिरवं येईना. हिरवं आल्याशिवाय रस, म्हणजे वितळलेला धातू, ओतायचा नाही हा नियम, त्यामुळं भट्टी तशीच धरून ठेवली आणि सुपरवायझर त्या पोरावर ओरडले. पंधरा मिनिटांनी सगळं आपोआप चालू. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. मला वाटलं ह्या पोराला पॅनल नीट वापरता येत नसेल. खरंच असं वाटलं मला, तसं ग्रुपवर टाकलं पण होतं, आता ते डिलीट करून काय उपयोग.

चौथ्या रात्री घरात बसून उद्यमबागेतल्या फौंड्रीच्या सर्व्हरवर लॉगिन करून, नेटवर्कवरनं जाणारं एकेक पॅकेट दाखवणारं टीसीपीडंप लावून जागी राहिले. फौंड्रीत एक रॅबिटएमक्यू आहे, म्हणजे मेसेज रांगेत ठेवून पुढं पोचवणारा ब्रोकर, आणि हेड ऑफिसचा क्लाउडमध्ये दुसरा, मधे शोव्हेल, फौंड्रीच्या रांगेतले मेसेज उचलून तिकडे टाकणारा. (फौंड्रीत हे सांगितलं की सगळ्यांना आवडतं, फावडं म्हटलं की लगेच कळतं, वाळू इकडची तिकडं करायची तसंच.) दोनला शेवटचं रीडिंग गेलं. मग काहीच नाही. रॅबिटएमक्यूच्या ५६७२ पोर्टवर एक पॅकेट हलेना. मॅनेजमेंटच्या पानावर मात्र कनेक्शन रनिंग, शोव्हेल रनिंग, सगळं हिरवंगार. २:४१ ला मुलगा डबा खाऊन आला, रीडिंग घेतलं, पॅकेट निघालं आणि उत्तर नाही. परत तेच पॅकेट, परत उत्तर नाही. आधी पाव सेकंदाच्या आत, मग त्याच्या दुप्पट, मग चौपट, असं करत करत शेवटी दोन दोन मिनिटांच्या अंतरानं, कुणी दार उघडत नसताना माणूस कडी वाजवत राहतो तसं. पंधरा मिनिटं उलटून गेल्यावर कर्नलनं, म्हणजे सर्व्हरवरच्या लिनक्सच्या गाभ्यानं, हात टेकले, कनेक्शन तुटलं, शोव्हेलनं पाच सेकंदांनी नवीन जोडलं आणि अडकलेलं सगळं धडाधड गेलं. काहीच हरवलं नाही, पलीकडनं पोच आल्याशिवाय शोव्हेल आपल्या रांगेतला मेसेज सोडत नाही. फक्त उशीर. लिनक्समध्ये टीसीपीचे, म्हणजे पॅकेट पोचलं का बघणाऱ्या नेटवर्कच्या नियमाचे, पंधरा रिट्राय ठरलेले असतात, त्यांचा हिशोब ९२४ सेकंदांच्या आसपास येतो. पंधरा मिनिटं चोवीस सेकंद. मी घड्याळ लावून बघितलं, जवळपास तेवढंच.

ते 'पंधरा मिनिटं' बघताना मला मामा आठवले. तेव्हा लगेच नाही आठवले, खरं सांगायचं तर सकाळी आईनं चहा पुढ्यात ठेवला तेव्हा.

ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला होता. शब्द अजून कानात आहेत. "मॅडम, मी डबा खायला गेलो की ह्ये झोपतंय बघा. येऊन रीडिंग घेतलं की पाव तास गप. मग आपोआप जागं होतंय." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, मामा, तुमच्या जेवणाचा आणि ह्याचा काही संबंध नाही हो, नेटवर्क स्लो असेल. संबंध नाही. त्या माणसानं एका वाक्यात सगळं सांगितलं होतं, कधी होतं, किती वेळ होतं, कशानं सुटतं. पंचवीस लोकांच्या कॉलवर मला एवढी स्वच्छ तक्रार मिळत नाही. आणि मी ऐकलं नाही.

मी ऐकलं नाही, हेच सारखं डोक्यात फिरतंय.

दुसऱ्या दिवशी फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या वाटेवरचा पहारा, सांभाळणाऱ्या सरांना हुबळीला फोन लावला. कनेक्शनवर काहीच हललं नाही तर किती वेळानं काढून टाकता विचारलं, तर "मूवत्तु निमिष ऐती री." तीस मिनिटं. मिटलं. डब्याची सुट्टी चाळीस मिनिटांची. रात्रपाळीला भट्टीच्या पॅनलवर एकच माणूस, तो जेवायला गेला की रीडिंग बंद, तीस मिनिटांनी फायरवॉल ते कनेक्शन आपल्या वहीतनं खोडते आणि दोन्हीकडच्या ब्रोकरना काही कळवत नाही. दोघंही धरून बसतात की पलीकडचा आहे. दिवसपाळीला असं होत नाही कारण लोक आळीपाळीनं जेवतात, लॅबमधनं सॅम्पलची रीडिंगं चालूच असतात. मामा जेवले की ते झोपतं, हे अक्षरशः खरं होतं.

आता हे व्हायलाच नको होतं. रॅबिटएमक्यूला हार्टबीट असतो, न सांगता साठ सेकंदांचा. दोन्ही बाजू साधारण दर तीस सेकंदाला एकमेकांना एक रिकामी फ्रेम पाठवतात, काही बोलायचं नसलं तरी. त्यामुळं मधली फायरवॉल कनेक्शन जागं समजते, आणि पलीकडनं दोन हार्टबीट चुकले की मेलं असं धरून नवीन जोडतात. मग इथं का नाही? कारण मी बंद केला होता. जुलैत. शोव्हेलच्या यूआरआयमध्ये, म्हणजे जोडायच्या पत्त्यात, शेवटी हार्टबीट बरोबर शून्य, आणि क्लाउडच्या कॉन्फिगमध्ये पण शून्य, कारण एकाच बाजूला शून्य टाकून ते बंद होईना, पलीकडचा साठ तसाच लागू राहिला, म्हणून मी दोन्हीकडे शोधून शोधून शून्य केलं. एवढी चिकाटी.

जुलैचं पण सांगते. तो पाऊस आठवतोय ना, आठ दिवस लाइन येतजात होती, दर थोड्या वेळानं मिस्ड हार्टबीटचा अलर्ट, रात्री बारा, दीड, तीन, साडेचार. मी एकटी होते. पुण्याची माणसं म्हणायची तू तिथंच आहेस ना, तूच बघ. बेळगावात राहून काम करते म्हणजे जणू सुट्टीवरच आहे असं सगळ्यांना वाटतं. घरी ते सगळं चालू होतं, आईला तेव्हा कुठं जरा झोप लागायला लागली होती आणि माझा फोन वाजला की ती दचकून उठायची. एका रात्री अलर्ट आला आणि मी रडत रडत तो शून्य टाकला. रडत होते म्हणून चूक माफ होते असं नाही. पण कुणी एकानं जरी विचारलं असतं की हे का बंद केलंस. रिव्ह्यूला दोन नावं आहेत, दोघांनी अप्रूव्ह केलंय.

जाऊ दे. दोन नावांचं काय घेऊन बसायचं. शून्य माझाच आहे.

आणि कीपअलाइव्हवर भरवसा ठेवला होता हे पण खरं. टीसीपीचं आपलं कीपअलाइव्ह असतंच की, गप्प कनेक्शनला जिवंत आहेस का विचारणारं, असं मनात म्हटलं होतं. त्याची पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी. दोन तास. १९८९ च्या आरएफसीत, म्हणजे इंटरनेटच्या नियमांच्या कागदात, लिहून ठेवलंय की मूळ सेटिंगला दोन तासांपेक्षा कमी ठेवू नका, तेव्हापासून तेच चाललंय. मागायला गेलं तरच ते चालू होतं, आणि चालू असतं तरी तीस मिनिटांत खोडणाऱ्यापुढं दोन तासांनी विचारणाऱ्याचा काय उपयोग. हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि त्या रात्री आठवणं वेगळं.

बाबांचा माग आठवतोय आज. वडगावात ज्यांच्या घरी माग आहे त्यांना वेगळं सांगायला नको, खडखडाटात झोपायची सवय असते सगळ्यांना. दोरा तुटून माग थांबला की बाबा गाढ झोपेतनं उठून बसायचे. आवाज गेला म्हणून जाग. आम्ही पोरं तशीच झोपलेली. हार्टबीट म्हणजे तेच आहे आणि हे मला कॉलेजात कुणी शिकवायच्या आधी घरात होतं. शेवटी शेवटी बाबांना ऐकू कमी यायचं तेव्हा मात्र... नको ते.

तर हार्टबीट परत साठ केला, दोन्हीकडे, कीपअलाइव्ह चालू केलं आणि तीनशे सेकंदांवर आणलं. त्या रात्री नवीन मुलगा चाळीस मिनिटं डबा खाऊन आला आणि रीडिंग अर्ध्या सेकंदात हिरवं. मी त्याला फोन करून माफी पण मागितली, तो म्हणाला कशाबद्दल मॅडम. त्याला कळलंच नव्हतं मी काय लिहिलं होतं ते.

इथंच संपायला पाहिजे होतं. पण मला प्रश्न पडला की ऑगस्टपासनं सुगीपर्यंत हे कसं झालं नाही? शून्य तर होताच, फायरवॉल पण तीच. टिकेटवर मी स्वतः लिहिलंय, 'समस्या आपोआप बंद'. जुने लॉग काढून बसले. रोज रात्री २:१५ आणि २:३०. टेस्ट रीडिंग. एक दिवस चुकला नाही. पॅनलवर ते लहान टेस्टचं बटण आहे ना, बाजूला, ज्याला कुणी हात लावत नाही, ते. मी म्हणाले संबंध नाही, तर त्यांनी फोन ठेवला आणि स्वतःच शोधून काढलं की मधे मधे दाबत राहिलं तर झोपत नाही. आणि पॅनल सोडून खाली गेलं तर दाबणार कोण, म्हणून खाली जायचं बंद केलं. पाण्याच्या टाकीशेजारी सगळे गोल करून बसतात, मामांच्या डब्यातल्या ठेच्यासाठी भांडणं होतात तिथं, मी बघितलंय एकदा. तीन महिने ते तिथं गेले नाहीत. जो शून्य मी टाकला त्याच्या जागी एक माणूस उभा होता. भाकरी हातात धरून.

सोमवारी ते परत आले तेव्हा फोन केला. म्हटलं मामा, तुम्ही ऑगस्टमध्ये सांगितलं तेच होतं, तुमचंच बरोबर होतं, माझंच चुकलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग, "न्हवं, तसं काय नाही, तुमचं बी काम मोठं असतंय." मी म्हटलं आता बटण दाबू नका, खाली जाऊन सगळ्यांबरोबर जेवा. तर म्हणाले, "जाऊ म्हणता खाली?" हे असं विचारलं, परवानगी मागितल्यासारखं. बरं बरं म्हणाले आणि भात कसं झालं ते सांगत बसले, औंदा पाऊस शेवटी शेवटी जास्त झाला म्हणून थोडं आडवं पडलं म्हणे.

सोमवारी रात्री दाबलं. काल दाबलं. आज पण.

आधी मला वाईट वाटलं, नंतर थोडा राग आला, इतकं सांगून पण. आता लिहिता लिहिता राग गेला. त्यांनी कशावर विश्वास ठेवायचा? माझ्या फोनवर? फोनवर तर ऑगस्टमध्ये पण मीच होते, तेवढ्याच खात्रीनं बोलत होते. स्क्रीन अडकला तर रस भट्टीत आणि बोलणी त्यांना, मला नाही. मी त्यांच्या जागी असते तर मी पण दाबलं असतं. आणि खरं म्हणजे त्यांनी दाबणं बंद केल्याशिवाय माझं काम झालंय की नाही ते मामांच्या पाळीत दिसणार पण नाही, ते दोन टेस्ट मधे आले की कनेक्शन तसंही जागं राहतं.

फोननं हे होणार नाही. तिथं जाऊन बसायला पाहिजे, दोन ते पावणेतीन, त्यांच्याबरोबर, खाली, टाकीशेजारी. मग वर जाऊन दोघांनी मिळून रीडिंग घ्यायचं आणि हिरवं येतं का बघायचं. नाही आलं तर निदान मी तिथं असेन.

मघाशी आई पाणी प्यायला उठली तेव्हा सांगितलं की उद्या चार भाकरी जास्त कर आणि वांग्याची भाजी पण. कुणासाठी विचारलं, म्हटलं मामांसाठी, बरं म्हणाली. गेट पाससाठी सुपरवायझरना मेसेज टाकला होता, रात्रपाळीचे आहेत म्हणून लगेच रिप्लाय आला, एवढ्या रात्री काय काम आहे मॅडम, घरनं होत नाही का.

मी लिहिलं, जेवायला येते.