कुकडीच्या उगमाकडे: लाव्हाच्या प्रदेशातली एक दिवसाची गाडीवाट

दीड वर्षापूर्वी ऑगस्टात निघोजला गेलो होतो, तेव्हा नदीच्या कातळात कोरले गेलेले रांजणखळगे दिसलेच नाहीत. कुकडी दुथडी भरून वाहत होती आणि सगळा कातळ पाण्याखाली गेला होता. आई काठावर उभी राहून बराच वेळ ते गढूळ पाणी बघत राहिली. परतताना गाडीत म्हणाली, "पुन्हा येऊ. पण नीट ठरवून येऊ."

मग खरंच नीट ठरवलं. नकाशा उघडल्यावर लक्षात आलं की मला बघायची असलेली बहुतेक ठिकाणं या एकाच नदीच्या आसपास आहेत. खाली शिरूरच्या बाजूला निघोज, वर जुन्नर तालुक्यात बोरी बुद्रुक आणि अगदी टोकाला, पूर गावात कुकडेश्वर, म्हणजे नदीचा उगम. दिवसभर नदीच्या उलट दिशेने गाडी न्यायची आणि संध्याकाळी उगमापाशी पोहोचायचं, एवढं ठरलं आणि बाकीचं आपोआप बसत गेलं.

ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धुराचा डोंगर येतो. आपल्याकडचा लाव्हा तसा आला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून तो बाहेर पडला, पसरला, थिजला आणि त्यावर पुढचा थर आला. असे थरांवर थर. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या खडकाने व्यापलेला आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. आपले गड, लेणी, वाड्यांचे चौथरे, देवळं, घरातला पाटा-वरवंटा, सगळं त्यातलंच. म्हणून या सहलीत ज्वालामुखी शोधत जावं लागत नाही. घरातून निघाल्यापासून आपण त्याच्यावरच असतो.

फेब्रुवारीचा पहिला रविवार धरला. पाणी ओसरलेलं, ऊन सोसवेल असं. आदल्या दिवशी निघोजला फोन करून नदीला वरून पाणी सोडलेलं नाही ना, एवढं मात्र विचारून घेतलं. कुकडीवर वर येडगाव धरण आहे, त्यामुळे ही चौकशी हिवाळ्यातही करायलाच हवी.

पहाटे पाचला पुणे सोडलं. वाघोली आणि शिक्रापूर उजाडायच्या आत मागे टाकलं की नगर रस्ता त्रास देत नाही. शिरूरला चहा घेतला आणि आठच्या आत निघोजला, रांजणखळग्यांच्या कुंडावर पोहोचलो. ही वेळ महत्त्वाची. कोवळं ऊन तिरपं पडतं आणि प्रत्येक खळग्याची आतली बाजू, तिच्यावरचे घासल्याचे वळसे स्पष्ट दिसतात. डोक्यावर ऊन आलं की सगळा कातळ सपाट, काळा दिसायला लागतो.

या वेळी आई शांतपणे एका खळग्याशी बसली. "अगं, हे तर उखळ आहे," म्हणाली. तिचं म्हणणं अगदी नेमकं होतं. पुरात वाहत आलेले गोटे कातळातल्या एखाद्या खोलगट जागी अडकतात, भोवऱ्यात गरगर फिरतात आणि खडक कुटत, घासत खाली जातात. हजारो पावसाळे हे चालत राहिलं की उखळाचा रांजण होतो. शेजारशेजारचे रांजण वाढत एकमेकांत मिसळतात, मधली भिंत फुटते आणि नदीला खोल घळ मिळते. माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याला एका खळग्याच्या तळाशी तीन गोल गुळगुळीत गोटे दिसले. ज्यांनी काम केलं ते कारागीर अजून तिथेच होते. त्याने ते हलवले नाहीत, याचा मला फार आनंद झाला.

कडेला जाऊ नका, हे मनापासून सांगते. कातळ गुळगुळीत आहे आणि घळीतलं पाणी खोल आहे. मुलांचा हात सोडू नका.

निघोजहून अळकुटीमार्गे बेल्ह्याकडे जाणारा रस्ता अरुंद आहे. दोन्ही बाजूंना कांदा, मध्येच ऊस. गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर समोर येतात, तेव्हा घाई करू नये.

बेल्ह्याजवळ गुळुंचवाडीचा शिलापूल आहे, कल्याण-नगर महामार्गापासून अगदी जवळ. ओढ्याने खालचा कमी टणक भाग झिजवून नेला आणि वरचा टणक खडक कमानीसारखा तसाच राहिला. निघोजला मळगंगेचं देऊळ आहे आणि इथे पुलाशेजारीही मळगंगाच आहे. आईने दोन्हीकडे नारळ वाढवला. आणे घाटातून जाताना मी इतक्या वेळा इथून गेले आहे, पण थांबले कधीच नव्हते.

मग बोरी बुद्रुक. या दिवसात मला सर्वांत जास्त ओढ याच ठिकाणाची होती. नदीकाठच्या गाळाच्या थरांमध्ये इथे पांढुरकी राख आहे. ती आपल्या लाव्हाची नाही. ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची आहे, तीन हजार किलोमीटरहून दूरची. टोबाच्या महास्फोटातली राख वाऱ्यावर इथवर आली, कुकडीच्या पाण्याने गोळा करून काठाला साचवली आणि वर गाळ पडून ती झाकली गेली. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात तिचा अभ्यास केला. त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही सापडली. राखेच्या वयावर अभ्यासकांचा वाद आहे. काही जण ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची मानतात, तर काही टोबाच्याच कितीतरी जुन्या स्फोटाची.

गावातल्या एका आजोबांनी वाट दाखवली. चिमूटभर सुटी राख बोटांत घेतली तर पिठासारखी मऊ लागली. भाचा म्हणाला, "मावशी, म्हणजे ही पाहुणी आहे." ६.६ कोटी वर्षांचा यजमान खडक आणि त्याच्या अंगणात उतरलेली ही पाहुणी, असं मला तोवर सुचलं नव्हतं. तिथून काहीही उकरून आणू नका. थर एकदा ढासळला की पुन्हा लावता येत नाही.

हा बिबट्यांचा प्रदेश आहे. उसाच्या कडेने, नदीकाठी अंधार पडेपर्यंत थांबायचं नाही, म्हणून बोरी दुपारीच उरकली.

नारायणगावच्या अलीकडे मासवडी आणि बाजरीची भाकरी जेवलो. द्राक्षांचा हंगाम होता, दोन पेट्या घेतल्या. जुन्नरजवळचा प्राचीन नाणेघाट मी मुद्दाम सोडला. एका दिवसात तोही कोंबला तर सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आणि जीवधन किल्ल्याचे कडे नुसते ओझरते बघून परतावं लागतं. नाणेघाटाला पूर्ण दिवस द्यावा.

जुन्नरहून आपटाळ्याच्या बाजूने पुढे गेलं की डोंगर जवळ येतात आणि त्यांच्या अंगावरच्या आडव्या पायऱ्या दिसू लागतात. लाव्हाचा एकेक थर म्हणजे एकेक पायरी. चावंड किल्ला डावी-उजवीकडे डोकावत राहतो. पाचच्या सुमाराला कुकडेश्वराला पोहोचलो. शिलाहार राजा झंझाने नद्यांच्या उगमांशी बांधलेल्या शिवमंदिरांपैकी हे एक, असं मानलं जातं. काळ्या पाषाणाच्या भिंतींवर कोरीव काम आहे आणि बाजूने डोंगर.

सकाळी नदीने कोरलेला दगड बघितला होता, आता तोच दगड माणसाने कोरलेला. आईने मंदिराच्या भिंतीवर तळहात ठेवला. दिवसभराच्या उन्हाने ती ऊबदार झाली होती. मग कुकडीचं पाणी ओंजळीत घेतलं, भाच्याच्या डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "ही सकाळी आपल्याला खाली भेटली ना, तीच बरं का."

साडेपाचला परतीला लागलो. चाकणची गर्दी धरून घरी पोहोचायला रात्रीचे साडेनऊ झाले.