वाड्याच्या कड्यांचा बाक: खिळे निघाले, मशीनला हिरवा कंदील

मंडळी, कड्या घरी आल्या. जुन्या नाशकातला एक वाडा उतरवला, त्याच्या माडीखालच्या कडीपाटातल्या. सागवान, 8 फूट लांब, 5 × 5 इंच. म्हणजे कडीमागे जवळपास 1.4 घनफूट, आणि उचलायला पंचवीसेक किलो. वरून धुराने काळ्याकुट्ट झाल्यात, पण एका कोपऱ्यावर हातरंधा ओढला तर आतून सोनेरी गाभा आणि सागाचा तो तेलकट वास.

इथेच हात शिवशिवायला लागतात. थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची रंधणारं मशीन) समोर, लाकूड समोर, घाल की आत! पण जुन्या लाकडात निम्म्याहून जास्त काम बटण दाबायच्या आधीचं असतं, म्हणून आजची नोंद बहुतेक त्याचीच.

आधी माती. वाड्यात कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर असतो. ती माती खाली झिरपून कडीच्या वरच्या अंगाच्या भेगांत दगडासारखी बसते. सागाच्या अंगात मुळातच सिलिका, त्यामुळे नवा सागसुद्धा पात्याची धार लवकर खातो. त्यात ही वाळू. म्हणून भेगा आधी जुन्या पटाशीने कोरल्या आणि मग कंप्रेसरची हवा मारली. घासायला काथ्याचा ब्रश घेतला. तारेच्या ब्रशची तुटलेली तार लाकडात राहते आणि पुढे मेटल डिटेक्टर तिच्यावरच ओरडत बसतो. भिंतीत गाडलेली टोकं सरळ हातकरवतीने उडवली, कारण तिथे आडव्या छेदात चुना आणि खडे घुसलेले असतात.

एका कडीवर ऑइल पेंटचा हात होता. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असणारच असं धरून चालायचं. सँडर नाही, हीट गन नाही. पाणी मारून ओल्यावर खरवडला, खाली प्लास्टिक अंथरून.

मग डिटेक्टर. मॉलच्या दारात सिक्युरिटीवाला अंगावरून फिरवतो, तसला हातातला. नुसत्या लोहचुंबकाला पितळेचा स्क्रू किंवा तांब्याची तार कळत नाही, याला कळते. खोलवरचं मात्र यालाही कळत नाही, म्हणून चारही अंगांनी फिरवायचा. कडी लाकडी घोडीवर ठेवा, घोडीला लोखंड नको, आणि हातातलं घड्याळ-अंगठी काढा. नाहीतर तो सगळीकडेच वाजतो. वाजला तिथे खडूचा गोल.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे गुळगुळीत, स्वच्छ दिसणारी. जुना सुतार खिळ्याचं डोकं आत ठोकून वर लांबी (पुट्टी) भरायचा, त्यामुळे वरून काहीच दिसत नाही. रेषांमध्ये निळसर काळा डाग दिसला तर समजा खाली लोखंड गंजतंय. चौकोनी घडीव खिळे तर असे रुतलेले असतात की जंबूर सटकतो. आधी डोक्यावर हलका ठोका देऊन खिळा केसभर आत जाऊ द्यायचा. गंजाची पकड तुटली की मग तो वर येतो. जो मोडतो, त्याच्यासाठी मी लोखंडी नळीच्या तुकड्याला कानशीने दाते पाडलेत. नळी ड्रिल प्रेसमध्ये, कडी शिकंज्यात घट्ट, आणि खिळ्याभोवतीचं लाकूड गोल कापून सगळा गाभाच काढायचा. भोकात सागाचीच गुल्ली. उपटलेला प्रत्येक खिळा डब्यात, आणि शेवटी पुन्हा एकदा डिटेक्टर.

पहिली चिराई वखारीतल्या आऱ्यावर (मोठ्या पट्टा-करवतीवर) करून घ्यायची ठरवली होती, पण वखारवाला जुनं लाकूड म्हटलं की आधी हात जोडतो: "खिळा लागला तर पट्ट्याचे पैसे तुमचे." बरोबरच आहे त्याचं. शेवटी घरच्या छोट्या बँडसॉवर, उतरत्या वयाच्या पट्ट्याने चिरलं. खिळा लागला तरी स्वस्तातला पट्टा जाईल. टेबल सॉच्या गोल पात्याचा कार्बाइडचा दाता कडक, पण ठिसूळ. लोखंडावर आपटला की तुकडा उडतो, आणि तो कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं. शिवाय जुन्या कडीत ताण साठलेला असतो. चिरताना दोन फाळ्या एकमेकींकडे झुकून ब्लेड आवळतात आणि टेबल सॉवर लाकूड उलटं अंगावर येतं. ब्लेडमागची, फाळ्या अलग ठेवणारी पाचर काढून ठेवणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

या पहिल्या चिराईला डस्ट कलेक्टर बंद ठेवला. पातं लोखंडाला लागून ठिणगी उडाली तर ती थेट भुश्शाने भरलेल्या पिशवीत जाते, आणि ती आत धुमसत राहिलेली आपल्याला कळतही नाही. म्हणून चिराई दार उघडं टाकून, तोंडाला एन-95 लावून केली. लाकडाची बारीक धूळ कॅन्सरकारक म्हणून 1995 पासून नोंदलेली आहे, मास्कबाबत आळस नको.

आता थिकनेसर. पाती नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतून धार लावून आणलीत. समजा तरीही एखाद्या कणाने धारेला खळी पडली, तर फळीभर उभी बारीक रेघ उठते. लगेच धारेला पळू नका. दोनपैकी एक पातं दीड-दोन मिलिमीटर बाजूला सरकवून बसवा. एकाची खळी दुसऱ्याची धार झाकते, रेघ गायब.

बसायच्या फळ्या निघाल्यात, सव्वा इंचाच्या. चौथ्या कडीत भेगेआड काहीतरी वाजतंय, पण सापडत नाही. ती मशीनला लागणार नाही. तिचे पाय करणार, हातरंध्याने.