तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री खेळणारं पिल्लू सकाळी का उठत नाही

"रात्री मस्त खेळालतं की ओ, सकाळी बघतोय तर मानपण उचलेना, काय झालं असंल?"

बेळगावात टिळकवाडीत माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे, आणि चिहुआहुआ, यॉर्की, टॉय पूडल, छोटा पॉम असलं छोट्या जातीचं कुत्र्याचं पिल्लू घरी आणलेले लोक हेच विचारत येतात, खानापूर-निपाणीकडून फोनपण येतात. पिल्लू तीन-चार महिन्यांच्या आतलं असलं तर माझा पहिला संशय रक्तातली साखर उतरल्याचाच असतो.

मेंदूला साखर सतत लागते. पोट रिकामं असलं की लिव्हर आपल्याकडचा साठा सोडतं आणि त्यावर मोठं कुत्रं रात्र आरामात काढतं, पण अर्ध्या किलोच्या पिल्लाचं लिव्हर ते केवढंसं, अंगावर ना मांस ना चरबी, शरीराच्या मानानं मेंदू मोठा आणि थंडीत अंगातली ऊब भराभर जाते, म्हणजे खर्च जास्त आणि शिल्लक काहीच नाही. चार-पाच तास उपाशी राहिलं तरी लटपटायला लागतं. रक्ततपासणीत साखर ६०च्या (mg/dL) खाली गेली की धोका.

आपल्याकडे हे वाढलंय ते पिल्लं येतात त्या पद्धतीमुळं, असं माझं स्पष्ट मत आहे. बेंगळूर नाहीतर पुण्याहून रात्रीच्या बसनं खोक्यात घालून पाठवतात, आईपासून नुकतंच तोडलेलं, पोटात जंत, रात्रभर एसीचा गारठा, घाण करील म्हणून खायला दिलेलं नसतं, आणि घरी पोचल्यावर वास येतोय म्हणून पहिल्यांदा आंघोळ! आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असा २०१७ पासून केंद्राचा नियम आहे, तरी पाच-सहा आठवड्यांची सर्रास येतात. ह्या छोट्या जातींना तर दहा-बारा आठवडे आईजवळ ठेवलेलं बरं. आणि 'टीकप' म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नका, तशी वेगळी जातच नाही, जेवढं बारीक तेवढा हा त्रास जास्त.

मागच्या थंडीत एक ताई टॉवेलात गुंडाळून यॉर्कीचं पिल्लू घेऊन आल्या. हिरड्या पांढरट, हात लावला तर गार, डोळे अर्धे उघडे, पुढचा एक पाय मधूनच थरथरत होता. घरच्यांनी फिट समजून नाकाला कांदा लावला होता. (कांदा नको हो, पोटात गेला तर कुत्र्याचं रक्त बिघडतं.) मधाची बाटली उघडली, बोटाला लागेल एवढाच मध घेऊन हिरडीवर आणि गालाच्या आतून चोळत राहिलो, ताईंनी त्याला छातीशी ऊब दिली. थोड्या वेळानं जीभ हलली, मग माझं बोट चाटायला लागलं. तरी तसंच डॉक्टरांकडं पाठवलं, कारण हा परिणाम टिकत नाही, साखर परत उतरते, सलाईनमधून ग्लुकोज द्यावं लागू शकतं.

घरी मध नसला तर साखरेचं नाहीतर गुळाचं घट्ट पाणी चालतं. पण शुद्धीत नसलेल्या पिल्लाच्या तोंडात चमच्यानं काही ओतू नका, फुप्फुसात जातं. शुद्धीवर आलं की लगेच खायला द्या. शुगर-फ्री काही मात्र अजिबात नको, त्यातल्या झायलिटॉलनं कुत्र्याच्या अंगात इन्शुलिन उसळतं आणि साखर आणखीच कोसळते. डायबिटीसवाल्या आजोबांचं च्युइंगमपण पिल्लाच्या तोंडी लागणार नाही असं ठेवा.

काहीजण मग रोजच ग्लुकोज पाजत बसतात, तेही नको, साखर झटकन चढते आणि तशीच उतरते. तीन-चार तासांनी थोडं थोडं पपी फूड, रात्री झोपायच्या आधी एकदा, पहाटे उठून एकदा, एवढं करा. जुलाब लागले किंवा एका वेळचं खाणं सोडलं तर संध्याकाळपर्यंत वाट बघू नका.

चार महिने झाले की बहुतेक पिल्लं ह्यातून बाहेर येतात. मोठ्या कुत्र्याला असं वारंवार झालं तर मात्र लिव्हर नाहीतर स्वादुपिंडाचं दुखणं असू शकतं, तिथं मध लावून भागायचं नाही, रक्त तपासून घ्या.