डबीतली आर्निका

नागपूर, २ जून, रात्र

नवतपा सरत आला तरी कूलरशिवाय बसवत नाही. दुपारी मागच्या दारच्या पायरीवरून घसरलो, गुडघा सुजला आणि आईने सवयीने कपाटातली होमिओपॅथीच्या आर्निकाची डबी पुढे केली. लहानपणापासून पडझड झाली की या गोड गोळ्या जिभेखाली ठेवत आलो. पण आर्निका हे एका फुलाचे नाव आहे, हे कधी मनातही आले नव्हते.

कालच भाच्याने कोलोरॅडोच्या डोंगरातून एक छायाचित्र पाठवले होते. विरळ पाइनच्या जंगलात, वाळलेल्या सुयांच्या थरातून वर आलेली वीतभर रोपे, देठावर समोरासमोर जोडीने लागलेली हृदयाच्या आकाराची पाने आणि टोकाला सूर्यफुलाच्या कुळातले पिवळेधमक फूल. खाली त्याने केवळ ‘आर्निका’ एवढेच लिहिले होते.

संध्याकाळी पाय वर ठेवून थोडे वाचले, तेव्हा कळले की ही हृदयपर्णी आर्निका पश्चिम उत्तर अमेरिकेतली असून डबीतले नाव तिच्या युरोपीय बहिणीचे, डोंगरी कुरणांत वाढणाऱ्या आर्निका मोंटानाचे आहे. दोघीही बहुवर्षायू. पाइनखालची आर्निका जमिनीतल्या आडव्या खोडाने पसरते, त्यामुळे वणव्यात वरचे सारे जळाले तरी खालून पुन्हा फुटू शकते. हे वाचताना आपल्या सागवनातली काळी मुसळी आठवली. तीही उन्हाळाभर मातीत दडून राहते आणि पहिल्या पावसानंतर जमिनीलगत पिवळी चांदणी उघडते. एकीला बर्फ वितळण्याची वाट पाहावी लागते, दुसरीला मृगाची.

डबीवर ‘३०’ लिहिले आहे. शंभर पटीने पातळ करण्याची क्रिया ३० वेळा केली, असा त्याचा अर्थ. परंतु साधारण १२व्या पायरीपुढे मूळ वनस्पतीचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. म्हणजे इतकी वर्षे आमच्या कपाटात होते ते फुलाचे नुसते नाव. उलट खऱ्या झाडात हेलेनॅलिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि ते पोटात घेणे धोक्याचे, हे वाचून तर मला त्या पातळपणाबद्दल बरेच वाटले.

आईला यातले काही सांगितले नाही. तिच्यासमोर चार गोळ्या घेतल्या आणि गुडघ्यावर बर्फ धरला. भाच्याला मात्र विचारले आहे की, फुले गळाल्यावर बी कसे दिसते, त्याचेही छायाचित्र पाठव.