पेन्सिल सेलवाला की चार्जिंगवाला

तीन महिने माझ्याकडे दोन कॅमेरे होते. विकत घेतलेला एकही नव्हता.

2011 ची गोष्ट. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात शाखा डाकपाल. आमच्याकडे पोस्ट म्हणजे घराचीच पुढची छपरी. एक टेबल, एक कुलूपवाली पेटी, शिक्के अन् एक तराजू. टपाल वाटून झालं की दुपार रिकामी. अशाच एका दुपारी मी एका बाद झालेल्या फॉर्मच्या पाठीवर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं कॅनन पॉवरशॉट ए1200, उजवीकडे सोनी सायबरशॉट डब्ल्यू530. दोन्ही खिशात मावणारे, दोन्ही सहा-सात हजारांच्या घरातले, दोन्ही त्याच वर्षी बाजारात आलेले. माहितीपत्रकं मी यवतमाळहून आणली होती. त्यातलं एक इतक्यांदा उघडलं-मिटलं की घडीवर झिजलं, अन् लेन्सचा आकडा नेमका त्या घडीत गेला.

कॅमेरा हवा कशाला, याचं नीट उत्तर माझ्यापाशी नव्हतं. घरात मोजून अकरा फोटो होते. त्यातले नऊ लग्नांतले, सगळे घामेजलेले अन् कावरेबावरे. बाबांचा एकट्याचा एकच, कर्जाच्या अर्जासाठी काढलेला पासपोर्ट साइज. त्यात ते कर्ज मागायला आल्यासारखेच दिसतात. मायचा तर तोही नाही. फोटोवाला घरी आला की ती हमखास चुलीपाशी जायची. "माहा काय फोटो काढता? रोज तं पाह्यता," एवढंच तिचं म्हणणं.

तक्त्यात पहिली ओळ मेगापिक्सलची. कॅननचे 12.1, सोनीचे 14.1. चांगले दोन जास्त. इथेच निकाल लागला असं मला वाटलं, अन् तसं मी बाबांना सांगितलंही. ते पायरीवर दोर वळत बसले होते. त्यांनी जन्मात कॅमेरा हातात धरला नव्हता, पण बैल मात्र तीस-पस्तीस वर्षं घेतले अन् विकले होते.

"हे मेगापिक्सल म्हंजे काय, दात काय रे?"

मी म्हटलं, तसंच काहीसं.

"दात तं इकणाराच तोंड उघडून दाखवते. हा दोनदाती, हा चारदाती. सारा बाजार तेच मोजते. चाल पाह्यली काय तू?"

कॅमेऱ्याची चाल कुठे असते ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी दातच पुन्हा मोजायला घेतले. एक मेगापिक्सल म्हणजे दहा लाख ठिपके. बारावाल्याचा फोटो आडवा 4000 ठिपक्यांचा, उभा 3000. चौदावाल्याचा 4320 बाय 3240. म्हणजे एवढा गाजावाजा करून रुंदीतला फरक शंभराला आठ. बरं, आम्ही कागदावर काढून आणणार चार बाय सहा इंचाचे फोटो. त्याला ठिपके लागतात 1800 बाय 1200, सव्वादोन मेगापिक्सलही भरत नाहीत. उरलेले सगळे कोठीत पडून राहणार.

पत्रकात बारीक अक्षरांत आणखी एक गोष्ट होती. प्रकाश टिपणारा सेन्सर दोघांचाही एकाच मापाचा, 1/2.3 इंच. ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात तो सहा मिलिमीटरच्या थोडा वर रुंद अन् साडेचार मिलिमीटर उंच, तुरीच्या दाण्याएवढा. त्या दाण्यावर एकाने एक कोटी वीस लाख ठिपके पेरलेले, दुसऱ्याने एक कोटी चाळीस लाख. पऱ्हाटी दाट लावली की वावर भरलेलं दिसतं, पण बोंडं पोसत नाहीत, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. ठिपका बारीक झाला की त्याच्या वाट्याला उजेड कमी येतो, अन् दिवेलागणीच्या फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे उमटतात. मेगापिक्सलच्या ओळीपुढे मी बरोबरीची खूण केली. सोनीसाठी थोडं वाईट वाटलं.

म्हणून पुढच्याच ओळीत त्याची भरपाई केली. त्याची लेन्स 26 मिलिमीटरपासून सुरू व्हायची, कॅननची 28 पासून. या आकड्यांचं उलटं असतं, लहान आकडा म्हणजे रुंद नजर. तीन मीटरवर उभं राहिलं तर 26 वाल्यात सव्वा वीत जागा जास्त मावते, असा हिशोब मी टेबलावर वीत लावून मांडला. सव्वा वीत म्हणजे आमच्या छपरीत एक म्हातारी. आवरून बसली तर.

छपरीतच पोस्ट, त्यामुळे ही तुलना माझ्या एकट्याची राहिली नाही. आरडीचा हप्ता भरायला आलेल्या एका मावशींनी तक्ता उलटा धरून पाहिला अन् विचारलं, "यातला कोन्ता गोरा काढते?"

मी म्हटलं, "दोन्ही जसं आहे तसंच काढतात, मावशी."

"मंग काऊन घेऊन रायला बाप्पा?"

एका गृहस्थांचा शेजाऱ्याशी बांधावरून वाद चालू होता. त्यांना झूममध्ये रस. घरच्या गच्चीवरून बांध दिसेल का? झूम दोन्हींना चार पट. पण पत्रकावर त्याहून मोठे आकडे छापलेले, कारण त्यात डिजिटल झूम मिळवलेला. मी त्यांना समजावलं की लेन्स पुढे सरकून जवळ आणते तो खरा झूम. डिजिटल झूम मधला तुकडा कापून नुसता ताणतो. त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजे चष्मा नाई लावला, डोळे फाडून पाह्यलं." या विषयावर मी पुढेही बरंच वाचलं, पण यापेक्षा नेमकं मला कुठे सापडलं नाही.

व्हिडिओची ओळ मी एका मिनिटात उरकली. कॅननचा 1280 बाय 720 ठिपक्यांचा, सोनीचा 640 बाय 480. गावातले सगळे टीव्ही तेव्हा मागे ढेरी असलेले, त्यांना दोन्ही सारखेच.

खरा घोळ घातला तो शेवटच्या ओळीने. सोनीत पातळशी लिथियम बॅटरी, काढून चार्जरला लावायची. कॅननमध्ये दोन पेन्सिल सेल. पत्रकांच्या थाटावरून कळतच होतं की चार्जिंगवाला म्हणजे नव्या जमान्याचा अन् सेलवाला म्हणजे गरिबाघरचा. मी सोनीकडे झुकलो होतो. संध्याकाळी बाबांना वाचून दाखवलं.

"याचा चारा काय?" त्यांनी विचारलं.

"हा सेल खातो, दोन. त्याले चार्ज करा लागते."

"लाइन गेल्यावर?"

हा प्रश्न पत्रकात नव्हता. मे महिना, गावाला लोडशेडिंग. लाइन यायची ती बहुतेक रात्री, मोटर लावायला माणूस वावरात जाई त्या वेळेला. अन् आली तरी सरळ यायची नाही. बल्ब आधी तांबडा होऊन विचार करायचा, मग पेटायचा.

"मंग हे जनावर ऐन पोळ्याच्या दिवशी उपाशी राहीन," बाबा म्हणाले अन् पुन्हा दोर वळायला लागले.

दुसऱ्याच आठवड्यात मी शकुंतला रेल्वेने यवतमाळला गेलो. एसटी लवकर पोचवायची, पण मला घाई नव्हती. निर्णय व्हायचा होता, अन् नॅरोगेजच्या त्या गाडीत निर्णयाला भरपूर वेळ मिळायचा. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालायची. मग डिझेल आलं, चाल तीच राहिली. खिडकीतून हात काढून बाभळीच्या शेंगा तोडता येतील अशा बेताने ती जायची. तक्ता मांडीवर घेऊन मी दारव्ह्यापासून मनाशी दोनदा कॅनन घेतला, दोनदा सोनी.

दुकानात दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. सोनी हातात घेतला तर जवळपास नसल्यासारखाच, इतका हलका. चपटा अन् गुळगुळीत. कॅनन सेलांमुळे एका अंगाला फुगलेला, गालात सुपारी धरल्यासारखा. ट्यूबलाइटखाली दोघांच्याही पडद्यावर दुकानदाराचा चेहरा झकास दिसला. तिथे दोघांत डावं-उजवं करणं अवघड होतं. दुकानात बैल उभाच असतो, चाल दिसत नाही, असं माझ्या डोक्यात आलं, अन् मी विचारलं, जरा बाहेर नेऊन पाहू का? तो नाखुशीने हो म्हणाला अन् माझ्या कोपराला कोपर लावून रस्त्यावर आला. मी सहा-सात हजार घेऊन पळण्यातला नाही हे त्याला पटवायला माझ्याकडे पोस्टाचा शिक्का नव्हता.

मेमधली दुपारची एक-दीडची वेळ. त्या उन्हात दोन्ही पडदे तव्यासारखे काळे. सोनीत दिसलं फक्त माझं स्वतःचं तोंड, कपाळावरच्या घामासकट. कॅननमध्येही तेच. पण त्याच्या पाठीला वर एक चिमुकली खिडकी होती, डोळा लावून पाहायची. जुन्या रोलच्या कॅमेऱ्याला असायची तशी. तोवर खिशात मावणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांतून ती नाहीशी झाली होती. माझ्या तक्त्यात ती होती, पण दोषांच्या बाजूला. अशा खिडकीतून पूर्ण चौकट दिसत नाही, पाचातला चारच हिस्सा दिसतो, बाकीचं फोटोतच कळतं. तिला डोळा लावला तर समोरचा रसवंतीवाला, त्याची घुंगरं, बर्फावरचं पोतं, सगळं लख्ख दिसलं.

कॅनन घेतला.

परतीच्या वाटेवर मला सोनीचीच आठवण येत राहिली. सव्वा वीत जागा, ती गेली. ते हलकेपण गेलं. पुढे कितीतरी दिवस कोणाच्या बारशात-साखरपुड्यात तो चपटा डबा कोणाच्या हातात दिसला की मी जवळ जाऊन उगाच विचारायचो, बॅटरी किती चालते? उत्तर "चांगली चालते" असं आलं की मला ते आवडायचं नाही.

बाबांनी कॅमेरा घेऊन खिडकीला डोळा लावला अन् तशीच अंगणात एक फेरी मारली. गोठ्यापर्यंत गेले, वळले, परत आले. "ठीक हाय," म्हणाले. ही चाल होती बहुतेक.

चाऱ्याच्या बाबतीत मात्र त्यांचाही अंदाज थोडा चुकला. किराणा दुकानातले साधे पेन्सिल सेल टाकले की वीसेक फोटोंत कॅमेरा मान टाकायचा. कॅमेरा एका दमात खूप वीज मागतो अन् साध्या सेलाला ते झेपत नाही. गंमत म्हणजे तेच मेलेले सेल भिंतीवरच्या घड्याळात घातले की पुढे कित्येक महिने चालायचे. त्या वर्षी आमच्या आळीतली सगळी घड्याळं माझ्या कॅमेऱ्याच्या उष्ट्यावर चालली. शेवटी मी अमरावतीहून चार रिचार्जेबल सेल आणले. म्हणजे फिरून चार्जर आलाच, लाइनची वाट पाहणं आलंच. पण दोन आत अन् दोन चार्जरला, अशी पाळी लावता आली. अन् अगदीच अडलं तर दुकान चार पावलांवर.

पोळ्याला मात्र जनावर उपाशी राहिलं नाही. सकाळी अंगणात बाबा अन् बैलजोडी, शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल. दुपारनंतर तोरणाखाली गेलो. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या, हरहर महादेव झालं, तोरण तुटलं अन् मी बटण दाबलं. कॅमेऱ्याने आधी नेम धरला, मग जरा विचार केला, मग टिपलं. त्या अर्ध्या सेकंदात पोळा फुटून गेला होता. माझ्याकडे धूळ आहे, तीन शेपट्या आहेत अन् एका पोट्ट्याची उडालेली टोपी आहे.

फोटो कागदावर काढून आणायला दारव्ह्याला गेलो तेव्हा स्टुडिओतल्या मोठ्या पडद्यावर ते पहिल्यांदा नीट पाहिले. अंगणातला बाबांचा फोटो आला. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा चौकटीत बाबा होते अन् दोन बैल, एवढेच. पडद्यावर डाव्या कडेला दारही आलं होतं. दारात माय उभी. हातात पाण्याचा तांब्या अन् ओवाळायचं ताट, नजर बैलांच्या पायांकडे. मी पुढचा फोटो मागितला. त्यात कोपऱ्यात तिचं कोपर अन् बांगड्या. त्याच्या पुढच्यात अर्धी पाठ, गोठ्याकडे निघालेली. घरी येऊन कार्डातले जुने, मेपासूनचे सगळे चाळले. चौदा फोटोंत ती होती. सगळ्यांत कडेला, काही ना काही काम करत.

दाराचा फोटो मी तिच्या हातात दिला. तिने पदराने हात पुसून तो धरला, लांब केला, जवळ आणला.

"हे कोन बाई?"

मी काही बोललो नाही. ती उजेडात, पायरीपर्यंत गेली. बराच वेळ पाहत राहिली.

"लुगडं तं माहंच हाय," ती म्हणाली.